बिनमुठीचा दस्ता: कॅलिफोर्नियाच्या नियमांत बसणाऱ्या एआर-१५ वर काही महिन्यांचा अनुभव

कॅलिफोर्नियात एआर-१५ जातीची रायफल बाळगणाऱ्याला नळी, दुर्बीण आणि चाप यांची निवड आपल्या आवडीने करता येते, पण दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, निवड कायद्याच्या कलमांकडे पाहूनच करावी लागते. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या ५.५६ मिलिमीटरच्या, १६ इंची नळीच्या रायफलीचा मूळचा दस्ता आणि मूठ दोन्ही काढून त्यांच्या जागी बाजारात सुटा मिळणारा एकसंध, बिनमुठीचा दस्ता बसवला. त्यानंतर सॅक्रामेंटोच्या आसपासचा आख्खा उन्हाळा त्याच्यावर गेला आहे, तेव्हा आता त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते. ज्या कंपनीचा दस्ता आहे तिचे नाव मुद्दाम देत नाही. या प्रकारचे दस्ते तीन-चार ठिकाणांहून मिळतात आणि पुढे लिहिलेले बहुतेक सगळे त्या घडणीविषयीच आहे.

ही घडण अशी का आहे, ते कायदा पाहिल्यावर कळते. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉकटन येथील शाळेत झालेल्या गोळीबारानंतर त्याच वर्षी राज्याने रॉबर्टी-रूस कायदा केला आणि काही बंदुकांवर त्यांच्या नावानिशी बंदी घातली. नावे बदलून त्याच बंदुका पुन्हा बाजारात येऊ लागल्या, तेव्हा १९९९ च्या दुरुस्तीने, म्हणजे प्रत्यक्षात २००० पासून, नावाबरोबर वैशिष्ट्यांचीही कसोटी आली. आज दंडसंहितेच्या कलम ३०५१५ नुसार, जी अर्धस्वयंचलित (चाप ओढला की एक गोळी सुटून पुढची आपोआप भरणारी) सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आघात होणारी) रायफल बदलता येणारे मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, वापरते, तिच्यावर पिस्तुलासारखी खाली उतरलेली मूठ, अंगठा आरपार जाईल असे भोक असलेला दस्ता, घडीचा किंवा सरकता दस्ता, ज्योतशामक (नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्योत कमी करणारे साधन), पुढच्या हाताची उभी मूठ किंवा ग्रेनेड अथवा फ्लेअर फेकण्याचे साधन यांपैकी एकही गोष्ट असता कामा नये. एक आढळली तरी ती रायफल ‘असॉल्ट वेपन’ ठरते आणि ती नुसती जवळ असणे हाही गुन्हा होतो.

२०१६ पर्यंत लोक ‘बुलेट बटन’ नावाच्या कुलपाने वेळ मारून नेत. काडतुसाच्या टोकाने ते बटन दाबले की मॅगझीन सुटत असे, आणि हाताने सुटत नाही म्हणून ते कायम जोडलेले आहे असे मानले जाई. १ जानेवारी २०१७ पासून ती वाट बंद झाली. तेव्हापासून रस्ते दोनच उरले आहेत. एक म्हणजे बंदुकीची यंत्रणा उघडल्याशिवाय निघणार नाही असे १० काडतुसांपर्यंतचे मॅगझीन बसवणे, आणि दुसरा म्हणजे वरच्या यादीतले सगळे काढून टाकणे. मी दुसरा निवडला. काडतूस मध्येच अडकले की पहिली गोष्ट मॅगझीन बाहेर काढण्याची असते, आणि तेवढ्यासाठी रायफल उघडावी लागावी हे मला कधीच पटलेले नाही.

आता मुठीचा प्रश्न. राज्याच्या नियमावलीत मुठीची व्याख्या आकारावरून केलेली नाही, हाताच्या जागेवरून केलेली आहे, आणि दस्ता निवडताना सर्वांत उपयोगी पडते ती हीच बाब. गोळी झाडताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले बेचके चापाच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली ठेवता येत असेल, तर ती पिस्तुलासारखी मूठ मानली जाते. म्हणजे दस्ता दिसायला कितीही वेगळा असो, हात त्याच्यावर नेमका कुठे बसतो हे पाहावे लागते. दुकानातल्या चित्रावरून हे कळत नाही. रिकाम्या रायफलीवर दस्ता बसवून, आपल्या हाताने आणि जमल्यास दुसऱ्या कोणाच्या मोठ्या हाताने पकड घेऊन पाहावी. माझ्या दस्त्यावर बेचके चापाच्या वरच्या टोकाहून स्पष्ट वर राहते. मागचा भाग भरीव असल्याने ते खाली सरकवायला जागाच उरत नाही.

रायफल दुकानातून आली तेव्हा तिच्यावर पंखवाली मूठ होती. नेहमीच्या मुठीच्या मागे एक उभी पट्टी असते आणि ती अंगठ्याला पलीकडे वळू देत नाही, एवढीच तिची युक्ती. मूळचा सरकता दस्ता खिळीने एका जागी पक्का केलेला होता. हेही कायद्यात बसते आणि स्वस्तही पडते, पण मनगट खाली वळलेले आणि अंगठा अधांतरी अशा अवस्थेत तासभर नेमबाजी केली की हाताची तक्रार सुरू होते. दीडशे डॉलरच्या आतबाहेर खर्च करून दस्ता बदलण्याचे माझ्यापुरते कारण तेवढेच होते.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण नाजूक आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून मी आधी तिचा वरचा आणि खालचा भाग वेगळा केला, आणि नवा दस्ता पूर्ण बसेपर्यंत ते जोडले नाहीत. मधल्या टप्प्यावर नियमाबाहेरची पूर्ण रायफल टेबलावर पडलेली असू नये, हा त्यामागचा हेतू. जुनी मूठ ज्या स्क्रूने धरलेली असते तो सोडवताना सेफ्टीच्या, म्हणजे चाप अडवून ठेवणाऱ्या खटक्याच्या, खुंटीची बारीक स्प्रिंग मुठीतच अडकलेली असते. ती उडाली तर जमिनीवर शोधत बसावे लागते, म्हणून रायफल उलटी धरून मूठ सरळ खाली न ओढता हळूच वर उचलावी. नव्या दस्त्यातही त्या स्प्रिंगसाठी भोक आहे आणि ती तिथे नीट बसली तरच सेफ्टी खटकन फिरते. माझ्या दस्त्याला दोन ठिकाणी पकड आहे, एक मुठीच्या स्क्रूच्या जागी आणि दुसरी रायफलीच्या मागे निघालेल्या, मोठी स्प्रिंग असलेल्या नळकांड्यावर. हे नळकांडे दोन मापांत येते. लष्करी मापाचे सुमारे १.१४८ इंच व्यासाचे असते आणि व्यापारी मापाचे सुमारे १.१६८ इंचाचे. फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण एका मापाचा दस्ता दुसऱ्यावर एकतर चढत नाही किंवा हलत राहतो. मागवण्यापूर्वी व्हर्नियर कॅलिपरने माप घेणे हिताचे.

काही आठवड्यांनी दस्ता गालाखाली किंचित कुरकुरू लागला. उघडून पाहिले तर मुठीच्या जागचा स्क्रू थोडा ढिला झाला होता. मध्यम ताकदीचे, म्हणजे निळे, थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा द्रव) लावून तो पुन्हा आवळल्यावर कुरकुर थांबली आणि नंतर परत आलेली नाही. एआर-१५ मधली मोठी स्प्रिंग प्रत्येक गोळीमागे जो झंकार करते, तो या पोकळ प्लास्टिकमधून गालाला थोडा अधिक जाणवतो. त्याची सवय होते. कोणाला नाहीच झाली तर दोष स्प्रिंगचा आहे, दस्ता बदलून उपयोग नाही.

प्रत्यक्ष वापरात सर्वांत मोठा बदल अंगठ्याला सोसावा लागतो. उजवा अंगठा डावीकडे वळत नाही, तो उजव्याच बाजूला टेकून ठेवावा लागतो, आणि एआर-१५ ची सेफ्टी तर मुळात डावीकडे असते. पहिले काही दिवस मी डाव्या हाताने सेफ्टी फिरवत असे, पण त्यात पुढचा हात दर वेळी जागा सोडतो. शेवटी दोन्ही बाजूंनी फिरणारी सेफ्टी बसवली. उजवीकडचा छोटा खटका अंगठ्याखालीच येतो आणि अडचण मिटते. या दस्त्याबरोबर हा खर्च धरूनच चालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅगझीन सोडण्याचे बटन तर्जनीला पूर्वीसारखेच सापडते, बोल्ट सोडण्याचा खटका डाव्या हाताचाच असतो, आणि या दोन्हींत काही फरक पडला नाही.

बाकावर बसून १०० यार्डांवर नेम धरणाऱ्याला हा दस्ता अपेक्षेपेक्षा चांगला वाटेल. त्याची खालची कड लांब आणि जवळजवळ सरळ आहे. ती मागच्या वाळूच्या पिशवीवर ठेवली की नेम वर-खाली करण्यासाठी पिशवी किंचित दाबणे पुरते, आणि सरकत्या दस्त्याच्या तोकड्या टोकाबरोबर हे कधीच जमत नसे. गाल टेकवण्याची जागाही रुंद आहे. दुर्बिणीमागे डोळा दर वेळी त्याच ठिकाणी येतो. गोळ्यांचे झुपके, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचे पुंजके, यामुळे लहान झाले असे मी म्हणणार नाही, कारण नळी आणि काडतुसे तीच आहेत. पण तोच झुपका काढायला आता कमी कष्ट पडतात.

उभ्याने नेम धरताना मात्र चित्र पालटते. सरळ दस्त्यावर मनगट पुढे ताणलेले राहते, त्यामुळे उजवे कोपर आपोआप बाहेर आणि वर जाते आणि खांदा लवकर दमतो. जुन्या दुनळी बंदुकीवर हात बसलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल, कारण तिथेही हात असाच मागून येतो. ज्याने पहिल्यापासून पिस्तूल-मुठीवरच सराव केला, त्याला सुरुवातीला चाप दूर गेल्यासारखा वाटतो, आणि तो खरोखरच थोडा दूर जातो. आखूड बोटांच्या माणसाने हे बसवण्यापूर्वी दुसऱ्या कोणाच्या रायफलीवर हात ठेवून पाहावा. चाप बोटाच्या टोकाने कसाबसा गाठावा लागत असेल, तर तो सरळ मागे न येता एका बाजूला ओढला जातो आणि नेम तिकडे सरकतो.

सरकत्या दस्त्याला मनाई का असावी, याविषयी माझी नाराजी आहे आणि ती इथे नोंदवतो. दस्त्याची लांबी ही मुख्यतः खांद्याला आणि हाताला पेलणारे माप ठरवण्याची सोय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा गावाकडच्या नातेवाइकांनी मला विचारले की तसली रायफल तुमच्याकडे चालते का. चालते. ऑलिंपिकमधली ती .२२ ची रायफल एक-एक गोळी भरून झाडली जाते, ती अर्धस्वयंचलितही नाही आणि सेंटरफायरही नाही. त्यामुळे तिच्या दस्त्याला अंगठ्याचे भोक असो, मागची पट्टी लांब-आखूड होवो की गालाचा आधार वर-खाली होवो, कॅलिफोर्नियाचे हे कलम तिला लागूच होत नाही. नेमबाजीत दस्ता माणसाच्या मापाचा असणे किती मोलाचे आहे, हे त्या रायफलीकडे पाहून कळते.

माझ्या दस्त्याची लांबी मागच्या पट्टीखाली स्क्रूने आवळायच्या चकत्यांनी बदलता येते. एक भाग दुसऱ्यात सरकत नसल्याने तो सरकता दस्ता ठरत नाही. मात्र चकती काढायला पाना लागतो, आणि माझी पत्नी माझ्याबरोबर येते तेव्हा मैदानावर ते काम कोणी करत नाही. तिच्यासाठी दस्ता लांब पडतो, म्हणून ती बाकावर थोडे पुढे सरकून बसते. एकूण लांबीची मात्र चिंता नाही. अशा रायफलीला राज्याची किमान मर्यादा ३० इंच आहे आणि १६ इंची नळीवर न हलणारा दस्ता असला की ती सहज ओलांडली जाते.

नळीच्या टोकाकडेही याच वेळी लक्ष द्यावे. दस्ता बिनमुठीचा झाला, पण टोकाला ज्योतशामक तसाच राहिला, तर सगळा खटाटोप वाया जातो. माझ्याकडे धक्का कमी करणारा मझल ब्रेक आहे. तो शेजारच्या बाकावरच्या माणसाला नकोसा वाटतो, पण नियमात बसतो. न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्या मित्राने मात्र माझी नक्कल करू नये. तिथे २०१३ च्या सेफ ॲक्टनुसार तो ब्रेकही यादीत येतो आणि ज्योतशामक बसू शकेल असे नळीवरचे आटेसुद्धा. एका राज्यासाठी विकला जाणारा ‘कायदेशीर’ संच दुसऱ्या राज्यात कायदेशीर असेलच असे नाही. शेजारच्या नेवाडात असली बंदी नाही, म्हणून ताहो सरोवराच्या पलीकडे गेल्यावर जुनी मूठ चढवण्याचा मोह होतो असे ऐकतो. परत येताना ती मूठ तशीच रायफलीवर राहिली, तर राज्याची सीमा ओलांडताच प्रश्न उभा राहील.

हा नियम उद्या बदलेल या आशेवर दस्ता घेण्याचे लांबवू नये. सॅन डिएगोचे फेडरल न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवला, पण दोन्ही वेळा वरच्या न्यायालयाच्या स्थगितीमुळे बंदी चालूच राहिली.

मराठी वाचकांपैकी जे एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट या सगळ्याच्या आधीची आहे. फेडरल कायद्याने त्यांना बंदूक आणि काडतुसे बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे काही अपवाद आहेत, परंतु व्हिसा पणाला लागत असताना मित्राच्या सांगण्यावरून काही करू नये, वकिलालाच विचारावे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. बंदूक घेण्यासाठी राज्याची फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची परीक्षा आणि १० दिवसांची प्रतीक्षा त्यांना इतरांसारखीच आहे.

उन्हाळ्यात दुपारी उघड्या मैदानावर काळे प्लास्टिक गालाला चटके देते, तेव्हा मी गालाच्या जागी कापडी पट्टी गुंडाळतो. ती घामाने भिजते आणि सैल होते. पुढच्या वेळी घेतला तर याच घडणीचा, पण फिक्या मातकट रंगाचा दस्ता घेईन.