रेशो बदलायचाय: नवा क्राउन-पिनियन बसवावा की भंगारातलं आख्खं ॲक्सल आणावं?

जुन्या फोर बाय फोर जीपला ३३ इंची टायर चढवले की गाडी दिसायला रुबाबदार होते आणि ओढायला म्हातारी. २९ इंची टायरवर ४.२७ चा रेशो असेल (म्हणजे चाक एकदा फिरवायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट ४.२७ वेळा फिरतो) तर ३३ ला तोच दम परत मिळवायला ४.८६ लागतो, आणि त्याच्या सगळ्यात जवळ मिळतो तो ४.८८. एवढं गणित तुम्ही केलेलंच असणार. ६० च्या वेगाला टॉपमध्ये इंजिन साधारण १,६२० ऐवजी १,८५० फेऱ्यांवर येतं. टर्बो नसलेल्या डिझेलला हा फरक केवढा असतो, ते धारूरच्या घाटात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्याला विचारा.

रेशो ठरला, आता प्रश्न पुढचा. घरच्या अंगणात, पहिल्यांदाच हे काम करायचं, तर नवा क्राउन-पिनियन (हा रेशो ठरवणारी मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी) आणून आपल्याच हौसिंगमध्ये, म्हणजे ॲक्सलच्या लोखंडी खोळीत बसवायचा, की हव्या त्या रेशोचं तयार ॲक्सल भंगारातून आणून खाली लावायचं? माझ्या गाडीखाली आधी भंगारातलं मागचं ॲक्सल होतं, आता नवा सेट आहे. म्हणजे दोन्हींची चव घेतलीय, पण एकाच गाडीवर. तेवढं धरूनच पुढचं वाचा.

तिसरा मार्ग मिस्त्रीकडे सोडण्याचा. संभाजीनगर-जालन्याकडे ट्रकची हौसिंग बांधणारे पक्के हात आहेत. फक्त ट्रकवाल्याला हौसिंगच्या आवाजाचं काही वाटत नाही, त्यामुळे मिस्त्रीलाही वाटत नाही. या आवाजाचं पुढे बोलायचंच आहे.

आधी भंगाराची बाजू, कारण ती खरोखर सोपी आहे. यू-बोल्ट सोडा, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल काढा, प्रोपेलर शाफ्ट उतरवा, जुनं ॲक्सल सरकवा, दुसरं आत घ्या. शनिवार-रविवारात, एक मदतीचा हात असेल तर, होऊन जातं. शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) नाही, डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) नाही, डोक्याला ताप नाही. स्प्रिंगच्या पाट्यांच्या गाद्या आणि ट्रॅकची रुंदी जुळते का, एवढं आधी टेपने मोजून घ्यायचं. पैशाचं म्हणाल तर मला दोन्हींचा हिशोब जवळपास सारखाच बसला. भंगारातल्यात वाहतूक, नवी सीलं आणि ब्रेक धरायला लोक विसरतात.

ॲक्सल आपल्याच भागात शोधा किंवा कुर्ल्याला, दोन गोष्टी झाकण उघडल्याशिवाय मान्य करू नका. एक म्हणजे रेशो. दुकानदार 'सेमच आहे' म्हणणार, त्यात त्याचा दोष नाही, त्यालाही माहीत नसतं. जुन्या महिंद्रांत ५.३८ पासून खाली बरंच काही सापडतं आणि मधल्या मालकांनी काय-काय अदलाबदल केली ते कुठल्याच कागदावर नसतं. दात मोजा: क्राउनचे ४३ आणि पिनियनचे ८ म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७. दुसरं म्हणजे हौसिंग सरळ आहे का. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या ॲक्सलांचं आयुष्य काळी-पिवळीखाली गेलेलं आहे. टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं, आणि खाली खड्डे. असं हौसिंग मधे किंचित वाकलेलं असू शकतं. डोळ्याला दिसत नाही, पण टायर एका कडेने झिजायला लागले की कळतं.

या दोन्ही गोष्टी तपासून घेता येतात, म्हणून त्या मला फारशा खटकल्या नाहीत. खटकला तो आवाज.

जुना क्राउन आणि पिनियन वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून जुळलेले असतात, तेही त्याच बेरिंगांवर, त्याच ठिकाणी. तुम्ही शहाणपणा करून बेरिंगं नवी घातलीत की पिनियन मिलीमीटरच्या काही शतांशाने इकडे-तिकडे होतो आणि दात नव्या जागी टेकायला लागतात. मग ते गातात. बेरिंगं जुनीच ठेवलीत तर आवाज येणार नाही कदाचित, पण ती बेरिंगं किती चाललीत ते कुणाला ठाऊक? माझ्या गाडीत बेरिंगं बदललेली होती. संभाजीनगरहून जालन्याला जाताना बदनापूरच्या अलीकडे-पलीकडे रस्ता सरळ आहे, गाडी आपोआप साठीच्या आसपास चालते, आणि ॲक्सिलेटरवरून पाय उचलला की नेमकी तिथेच एक बारीक, लांबट शिटी सुरू. पाय दाबला की बंद, सोडला की परत. शेजारी बसणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. चालवणाऱ्याला मात्र एकदा ऐकू आली की दुसरं काही ऐकू येत नाही. मिस्त्री म्हणाला, "मालक, टेपचा आवाज वाढवा, हौसिंगचा कमी होतोय बघा." शिम हलवून पाहिली, तर शिटी पाय सोडतानाची गेली आणि पाय दाबतानाची आली. झिजलेल्या जोडीला तिची मूळ जागा अचूक परत देणं जवळपास अशक्य असतं, आणि ती जागा कुठे होती हे सांगायला कुणी नसतं.

गाडी शेतात आणि डोंगरातच फिरणार असेल, तर वरच्या परिच्छेदाकडे खुशाल दुर्लक्ष करा. तिथे टायरांच्या गुरगुरीत शिटी कुठली ऐकू येणार! माझी गाडी आठवडाभर रस्त्यावर असते, त्यामुळे माझा कल तिथेच फिरला.

आता नवा सेट. यातही वैताग आहेच, पण वेगळ्या जातीचा. माझ्या हौसिंगमध्ये पिनियनची खोली ठरवणारी शिम आतल्या बेरिंगच्या कपामागे (बाहेरच्या कड्यामागे) बसते. म्हणजे दात जरा जास्त खोल टेकताहेत असं दिसलं की पिनियन काढा, कप पितळी दांड्याने ठोकून बाहेर काढा, शिम बदला, कप परत ठोका, सगळं बांधा, रंग लावा, फिरवा, बघा. आणि पुन्हा. काही हौसिंगांत शिम पिनियनच्या डोक्यावर, बेरिंगच्या कोनाखाली (आतल्या कड्याखाली) असते. तिथे दर वेळी पुलर लावून बेरिंग ओढायचं, आणि बेरिंगचा पिंजरा वाकायची भीती वेगळी. यावर उपाय आहे. जुनं बेरिंग फेकू नका. लेथवाल्याकडून कपाचा बाहेरचा व्यास, किंवा कोनाचं भोक, हाताने सरकेल इतकं सैल करून घ्या. जुळवाजुळव सगळी त्यावर करायची, शिमची जाडी पक्की झाली की शेवटी एकदाच नवं ठोकायचं. या एका युक्तीने कामाचा निम्मा राग जातो. कप बसवण्याआधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि घरच्यांना आधी कल्पना द्या. कोन बसवायला गरम तेल पुरतं, साधारण १०० अंश. थेट आच देऊ नका.

सुरुवात जुन्या शिमच्या जाडीपासून करावी. जुन्या आणि नव्या पिनियनच्या तोंडावर अधिक-उणे आकडा कोरलेला असला, तर तेवढ्या फरकाने शिम बदलून. मग दात कुठे टेकतात ते बघायला दातांना रंग. परदेशी सेटबरोबर पिवळा रंग येतो. आपल्याकडे जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून लावतात आणि ठसा झकास उठतो. तो शिशाचा असतो, हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. ठसा दाताच्या मुळाशी उठला तर पिनियन जास्त आत आहे, शिम पातळ करा. टोकाशी उठला तर जाड. खोली आधी, प्ले (दातांमधली मोकळीक) नंतर. हा क्रम उलटा केला की दोन्ही आकडे एकमेकांच्या मागे धावत राहतात. प्ले मी ०.१५ ते ०.२० मिमीच्या दरम्यान ठेवला. क्राउन एका बाजूला सरकवायचा असेल तर तिकडची शिम काढून इकडे घाला, एकूण जाडी तीच राहू द्या, म्हणजे बाजूच्या बेरिंगांवरचा दाब बदलत नाही.

पिनियनच्या बेरिंगांवरचा दाब मोजायला बारीक टॉर्क रेंच सगळ्यांकडे नसतो. क्राउन बसवण्याआधी, एकट्या पिनियनच्या फ्लँजला दोरी गुंडाळून भंगारवाल्याच्या स्प्रिंगच्या काट्याने ओढा. फ्लँजची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल आणि तो ६ किलोवर एकसारखा फिरत असेल, तर अंदाजे ३ न्यूटन-मीटर झाले. माझ्यासारख्या ॲक्सलला, नव्या बेरिंगांवर आणि सील घालण्याआधी, हा आकडा ठीक आहे. तुमच्या मॅन्युअलमध्ये दुसरा असेल तर अर्थात तोच धरा.

डायल गेज मात्र हवाच. इथे आपल्या भागाचा एक फायदा आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांत काम करणारा एखादा तरी ओळखीचा निघतोच. माझ्या दोस्ताने गेज आणि चुंबकी स्टँड दिलाच, वर एक शिम सरफेस ग्राइंडरवर हव्या त्या जाडीची करून आणली. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे सुख नाही. हवामान तेवढं सांभाळा. वैशाखातल्या वाऱ्यात हौसिंग उघडं टाकलं की काळ्या मातीची पूड थेट बेरिंगात. दिवाळीनंतरचे दिवस बरे.

पैसे देण्याआधी एक बघा. डाना ४४ धाटणीच्या ॲक्सलात ३.७३ पर्यंतच्या रेशोंना एक केस (क्राउन ज्यावर बसतो तो सांगाडा) असते आणि ३.९२ पासून वरच्यांना दुसरी. तुमच्यात ३.७३ असेल आणि ४.८८ घ्यायचा असेल, तर क्राउन पिनियनपर्यंत पोचणारच नाही, केसही घ्यावी लागते. तिथे आख्ख्या ॲक्सलचं पारडं जड होतं हे मान्य. ४.२७ वरून जाणाऱ्याला हा खर्च नाही.

नवा सेट बसल्यावर पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांची, मग हौसिंग पूर्ण गार होऊ द्यायचं. पहिले ८०० किलोमीटर ट्रॉली ओढायची नाही, घाटात दामटायची नाही, आणि त्यानंतर तेल बदलायचं. ८०-डब्ल्यू-९०, जीएल-५. पहिल्या तेलात चमकी दिसेल, घाबरू नका, तुकडे दिसले तर घाबरा. स्पीडोमीटरची काळजी नको. त्याची केबल ट्रान्सफर केसवरून (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवरून) येते, त्यामुळे मोठ्या टायरने बिघडलेला काटा नव्या रेशोने जवळपास जागेवर येतो. कागदांची काळजी मात्र करा. मोटार वाहन कायद्याचं, गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चांगलंच घट्ट केलंय. रेशो कुणी उघडून बघणार नाही, टायर लांबूनच दिसतात.

राहिलं पुढचं ॲक्सल. तेही बदलावंच लागतं, मागे ४.८८ आणि पुढे ४.२७ ठेवून फोर बाय फोर टाकलं तर काहीतरी तुटणारच. पण इथे माझं मत जरा पलटतं. पुढचा क्राउन बाहेर काढायला दोन्हीकडचे हब उघडून शाफ्ट ओढावे लागतात, काम दुपटीने वाढतं. शिवाय फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवता येणारे) असतील तर रस्त्यावर पुढचं हौसिंग फिरतच नाही, मग शिटी वाजणार कुठून? म्हणून मागे नवा सेट आणि पुढे भंगारातलं, दात मोजून घेतलेलं ॲक्सल, असं मी केलंय. फ्री व्हील हब नसतील तर मात्र पुढेही नवाच सेट घ्या. माझ्या पुढच्या ॲक्सलची बेरिंगं मी मुद्दामच बदललेली नाहीत.