सीसीकॅश: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

दारव्ह्याजवळच्या गावातून मी सी प्लस प्लसचा एक मोठा प्रकल्प सांभाळतो. लॅपटॉप जुना आहे, दिमतीला इन्व्हर्टर. सीसीकॅश कंपाइलचा (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर) निकाल साठवून ठेवतं आणि तोच कोड पुन्हा आला की साठवलेलाच देतं. आता थेट मुद्द्यावर येतो.

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की कूलरसमोर ठेवूनही लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर आपला वेग उतरवतो. मग निंजाला (बिल्डची कामं चालवणारं साधन) समांतर कामं कितीही द्या, बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होणं, रखडतोच. अशा वेळी तेच ते कंपाइल टाळणं हाच उपाय, आणि तो फुकटात मिळाला. ब्रांच (कोडची वेगळी शाखा) बदलून परत या, बहुतेक फायली कॅशमधून येतात. फक्त कॅशची ५ जीबीची मूळ मर्यादा वाढवून घ्या, मोठ्या प्रकल्पाला ती पुरत नाही.

पावसाळ्यात रिलीजसाठी वेगळी गिट वर्कट्री (त्याच प्रकल्पाचा दुसऱ्या फोल्डरमधला संच) केली आणि एकही हिट (कॅशमधून मिळालेली फाइल) मिळेना! कोड तोच, जीसीसी (कंपाइलर) तोच, फ्लॅगही (त्याला दिलेले पर्याय) तेच. सीसीकॅशची आकडेवारी काढली तर नुसते मिस (कॅशमध्ये न सापडलेल्या फायली) मोजून दाखवले. मिस का झालं, त्याबद्दल अक्षर नाही. माझा राग आहे तो इथेच, आणि अजून गेलेला नाही. कारण हवं तर डीबग मोड लावायचा, मग प्रत्येक ऑब्जेक्ट फायलीशेजारी (कंपाइलमधून निघालेली फाइल) हॅशमध्ये, म्हणजे कॅशमधली नोंद ओळखायच्या ठशात, काय काय गेलं त्याची नोंद पडते. दोन्हीकडच्या एकाच फायलीच्या नोंदी घेऊन डिफ मारला, तेव्हा कुठे फरक दिसला: फोल्डरचा पूर्ण पत्ता.

सीमेक (बिल्डची आखणी करणारं साधन) इन्क्लूडचे, म्हणजे कोडमध्ये ओढलेल्या फायलींच्या फोल्डरांचे, पत्ते पूर्ण लिहितं. शिवाय डीबग माहिती घालणारा -जी फ्लॅग असला की चालू फोल्डरही हॅशमध्ये धरला जातो, कारण डीबग माहितीत तो नोंदवलेला असतो. कारण रास्त आहे, हे मला मान्य. पण एवढं एका ओळीत सांगायला काय हरकत होती?

सीसीकॅश काढूनच टाकणार होतो. मग बेस_डिर (त्या फोल्डरखालचे पूर्ण पत्ते सापेक्ष करणारी सेटिंग) दोन्ही वर्कट्रींच्या वरच्या फोल्डरवर लावलं, हॅश_डिर (चालू फोल्डर हॅशमध्ये धरणारी सेटिंग) बंद केलं, बिल्ड फोल्डर दोन्हीकडे वर्कट्रीच्या आत एकाच जागी ठेवला. हिट धडाधड मिळू लागले. जीडीबी (चुका शोधायचा डीबगर) मात्र कधी दुसऱ्याच वर्कट्रीतली फाइल उघडतो, तेवढं सांभाळा.

लिंकिंगला (ऑब्जेक्ट फायली जोडून प्रोग्राम बनवणं) सीसीकॅश हात लावत नाही. तिथे मोल्ड हा लिंकर लावला, जीसीसी १२.१ पासून त्याला नुसता एक फ्लॅग लागतो. नव्या लॅपटॉपसाठी ठेवलेले पैसे यंदा विहिरीच्या मोटरीला लावले.