ईएसआयसी: आजारपणात आधार भक्कम, कामावर परतताना मात्र कामगार एकटा

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार घेणाऱ्या कामगाराच्या पगारातले ०.७५ टक्के ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळात जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. मोठा आजार किंवा अपघात झाल्यावर या पैशाच्या बळावर माणूस पुन्हा मशीनवर उभा राहतो का, एवढंच इथे तपासलंय.

रजेच्या पैशाला पाचपैकी चार गुण. साध्या आजारपणात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. टीबी, कॅन्सर, अर्धांगवायू अशा यादीतल्या ३४ आजारांत ८० टक्के, आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. कामावरच्या अपघातात ९० टक्के, तेही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. घरून कामावर येता-जाताना रस्त्यात झालेला अपघातही २०१० पासून यात धरला जातो. हिंगणा रोडने दुचाकीवर ये-जा करणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवावं.

घोळ होतो तो पहिल्याच दिवशी. अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, मालकाने वेळेत द्यायचा असतो. लहान युनिटमध्ये तो राहून जातो. ‘दवाखान्याचं आम्ही बघतो, तू काळजी करू नको’ असं सांगितलं जातं आणि कामगार विश्वास ठेवतो. मग तीच दुखापत साधं आजारपण म्हणून नोंदली जाते. ९० चे ७० टक्के होतात, ९१ दिवसांची मर्यादा लागते, आणि पुढे बोट किंवा डोळा कायमचा अधू झाला तर तो अपघात कामावरचा होता हे सिद्ध करत बसावं लागतं. ठेकेदाराकडच्या माणसाचं तर हमखास असं होतं. त्यामुळे अपघात-नोंदवहीत नाव चढलं का, हे त्याच दिवशी सोबतच्या माणसाने जाऊन बघावं. लाज बाळगू नये.

रुजू होण्याच्या टप्प्याला मात्र पाचपैकी दोनच. इथे अनफिट किंवा फिट, एवढंच आहे. काम करून पगार घेतलेल्या दिवसाचा लाभ मिळत नाही, म्हणून ‘दोन आठवडे अर्धी पाळी, उरलेल्याचा लाभ’ ही सोय नाही. फिट असल्याचं अंतिम प्रमाणपत्र हातात पडलं की दुसऱ्या दिवशी पूर्ण आठ तास. तीन महिने पलंगावर काढलेल्या शरीराला ते झेपत नाही, आणि आठवड्याभरात माणूस पुन्हा रजेवर जातो. ही उणीव सर्वांत जास्त खुपते, कारण ती भरून काढायला फार खर्च लागत नाही.

प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांनी ते मशीन पाहिलेलं नसतं. ते दाखवणं कारखान्याचं काम. कारखान्याने एका पानावर लिहून द्यावं: किती तास उभं राहायचं, ट्रे किती किलोचा, तो कुठल्या उंचीवरून उचलायचा, रात्रपाळी आहे का, भट्टी किती जवळ, संडास किती लांब. उदाहरणार्थ, पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं मशीन. उजव्या नडगीत रॉड बसलेला माणूस ‘बसून काम’ म्हणून प्रेसवर दिला जातो, पण प्रेस चालतो उजव्या पायाच्या पेडलवर. तासाला शेकडो वेळा घोटा खालीवर होतो, संध्याकाळी पाय सुजतो आणि बुटात जात नाही. तिथे दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं बसवली की पाय सुटतो, शिवाय हात डायखाली, म्हणजे साच्याखाली जायचा धोकाही कमी होतो. डोक्याला मार लागून झटके आलेल्या माणसाला मात्र प्रेस नको, फोर्कलिफ्ट नको आणि उंचीवरचं कामही नको, न्यूरॉलॉजिस्ट लेखी सांगेपर्यंत.

वेळापत्रक कारखान्यालाच आखावं लागतं. पहिले दोन आठवडे चार तास, पुढचे दोन सहा तास, पाचव्या आठवड्यात पूर्ण पाळी; दर शुक्रवारी सुपरवायझरने दहा मिनिटं बसून थकवा, सूज, झोप विचारायची. राहिलेल्या तासांचा पगार साठलेल्या रजेतून किंवा मालकाकडून. महिन्याभराचा हा खर्च नवा माणूस शिकवण्यापेक्षा कमीच पडतो.

नागपुरात तारीखही बघावी लागते. हृदयविकारानंतर लघवीच्या गोळ्या चालू असलेल्याला मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, पत्र्याच्या शेडखाली रुजू करू नये. पाणी आणि मीठ उतरून चक्कर येते. सकाळची पाळी द्यावी, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं. प्रवासही मोजावा. मेट्रोला लिफ्ट आहे, पण लोकमान्य नगर किंवा खापरी स्टेशनच्या पुढे कुबडी घेऊन प्लॉटपर्यंत कसं जायचं, ते आधी ठरलेलं हवं. कंपनीची गाडी तेवढ्या टप्प्यापुरती आली तरी पुरे.

दोन नियम कामगारांपर्यंत पोचतच नाहीत, आणि दोन्ही त्यांच्या बाजूचे आहेत. साध्या आजारपणात पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नाही; पण रुजू होऊन १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारपण आलं तर हे दोन दिवस कापले जात नाहीत. म्हणजे परतून बघायला हरकत नाही. आणि कायमच्या अपंगत्वाचा मासिक लाभ नोकरीवर परतल्याने थांबत नाही, पगार आणि तो लाभ दोन्ही चालू राहतात. तो बंद पडेल या भीतीने घरी बसलेल्यांना कोणीतरी हे घरी जाऊन सांगायला हवं.