मॅकशेनचा शास्त्रवाचनाचा तक्ता : शिफ्ट ड्यूटी करणाऱ्या वाचकाचा अभिप्राय

शास्त्रवाचनाचे तक्ते पुष्कळ आहेत. कुणी नव्वद दिवसांत पूर्ण बायबल वाचून घेतो, कुणी रोज एक वचन आणि त्यावरचा छोटा परिच्छेद देतो. मी गेली काही वर्षे जो वापरते तो या सगळ्यांहून जुना. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात सेंट पीटर्स मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, पाळक असलेल्या रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 च्या अखेरीस तो आपल्या मंडळीसाठी तयार केला. 1843 च्या मार्चमध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. म्हणजे ज्या तक्त्यावर आज जगभरचे विश्वासणारे वाचन करतात, त्याचे तीन महिनेसुद्धा त्यांना मिळाले नाहीत.

रचना साधी आहे. रोज चार वाचने. दोन कुटुंबाने मिळून करायची, दोन एकट्याने, खोलीचे दार लावून. वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. बायबलचे अध्याय 1189. त्यात नव्या कराराचे 260 आणि 150 स्तोत्रे पुन्हा मिळवली की 1599. त्यामुळे दिवसाला चाराहून थोडे जास्त पडतात, म्हणून छोटी स्तोत्रे दोन-दोन एकत्र येतात आणि एकशे एकोणिसावे तुकड्या-तुकड्यांत वाटलेले असते. मला सगळे मिळून साधारण अर्धा तास लागतो, मोठ्याने वाचले तर जास्त.

1 जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चारही पुस्तकांचा पहिला अध्याय येतो. सृष्टीचा आरंभ, प्रभूची वंशावळ, बंदिवासातून परतणाऱ्यांचा आरंभ आणि मंडळीचा आरंभ, एकाच दिवशी. ही मांडणी योगायोगाची नाही हे वाचतानाच कळते.

मी परिचारिका आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते. ‘पहाटे उठून वचन वाचा’ हा उपदेश मी आयुष्यभर ऐकला आणि तो चांगलाच आहे. पण ज्या आठवड्यात माझी पहाट वॉर्डात औषधे देण्यात जाते, त्या आठवड्यात त्याचा उपयोग नसतो. या तक्त्याने घड्याळ सांगितलेले नाही, तारीख सांगितली आहे. त्या तारखेच्या आत कुठेही वाचा. नाइट असली की मी घरी येऊन झोपण्याआधी एकांताची दोन वाचने करते. आज काय वाचू, हा प्रश्नच उरत नाही, आणि थकलेल्या माणसाचा अर्धा संकल्प त्या प्रश्नातच गळून पडतो. आत्मसंयम म्हणजे दर वेळी नव्याने जोर लावणे, असे आपण समजतो. माझा अनुभव असा की जितके निर्णय आधीच झालेले असतात तितके पाऊल सहज पडते. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात ‘सुभक्तीविषयी कसरत कर’ म्हणतो. कसरतीत रोजचा क्रम ठरलेलाच असतो.

कुटुंबाची दोन वाचने मी सासूबाईंबरोबर करते. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचते आणि त्या डोळे मिटून ऐकतात. एप्रिलच्या सुरुवातीला लेवीय, म्हणजे जुन्या करारातले अर्पणांच्या नियमांचे पुस्तक, आणि स्तोत्रे जोडीने चालतात. लेवीयाचा चौथा अध्याय वाचत होते: नकळत घडलेल्या पापासाठी याजकाने काय अर्पावे, सगळ्या मंडळीने काय, अधिकाऱ्याने काय, सामान्य माणसाने काय. मी जरा भरभर चालले होते. आईंनी हात वर केला. “थांब गं. सामान्य माणसाचं परत वाच.” परत वाचले. त्या म्हणाल्या, “म्हणजे साध्या माणसाचंही देवानं वेगळं लिहून ठेवलंय.” पुढे लगेच पहिले स्तोत्र, प्रवाहाजवळ लावलेले झाड. एकटी असते तर मी लेवीयातून नुसती निसटून गेले असते. मोठ्याने वाचण्यात एक शिस्त आपोआप आहे: ओळ गाळता येत नाही, आणि समोरचा माणूस ऐकतो आहे.

हा तक्ता देताना मॅकशेन यांनी मंडळीला पत्र लिहिले, ते मला तक्त्याइतकेच मोलाचे वाटते. फायद्यांच्या आधी त्यांनी धोके सांगितले आहेत. वाचन निव्वळ उपचार होईल. नेमून दिलेला भाग संपवला म्हणून माणूस स्वतःवर खूश होईल. पुष्कळ वाचायचे म्हणून निष्काळजीपणे वाचले जाईल. आणि काहींना हे न पेलणारे जू होईल. स्वतःच्या योजनेबद्दल इतके स्वच्छ बोलणारा पाळक क्वचितच भेटतो. इंद्रियदमन, म्हणजे आत्मसंयम, हे पौलाने पवित्र आत्म्याच्या फळात मोजलेले आहे, टिकच्या खुणांत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच असे पत्र लिहू शकतो.

हाच तक्ता आता मोबाइल अ‍ॅपवरही मिळतो. मी एक वापरून पाहिले. अक्षर मोठे करता येते, प्रवासात ऐकता येते, ही सोय खरी. पण सलग किती दिवस वाचन झाले याचा आकडा त्यावर झळकत राहतो, आणि मध्यरात्रीच्या आत तो आकडा वाचवण्यासाठी अध्यायावरून बोट फिरवले जाते. मॅकशेन यांनी सांगितलेला दुसरा धोका नेमका हाच. मी कागदाकडे परतले. घडी घालून शास्त्राच्या मागच्या पानांत ठेवलेला कागद, पेन्सिलीची बारीक खूण, एवढे मला पुरते.

उणिवा आहेत. छापील तक्त्याचा टाइप फार लहान असतो. वयस्कांसाठी मोठा करून छापून घ्यावा. चार ठिकाणचे वाचन एकदम चालल्याने नवख्याला एकाही पुस्तकाचा धागा हाती लागत नाही. वर्षाच्या शेवटाकडे इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या वंशावळ्या येतात, तिथे पाय जड होतात. आणि तारखा छापलेल्या असल्यामुळे राहून गेलेले दिवस डोळ्यांत खुपतात. यावर माझे मत ठाम आहे: राहिलेले भरून काढू नका, आजच्या तारखेवर या. मागचे वीस अध्याय एका बैठकीत उरकणे म्हणजे शिस्त नव्हे, हिशेब मिटवणे आहे. देवाला आपल्याकडून थकबाकी वसूल करायची नाही. इच्छा आणि कृती दोन्ही तोच आपल्यात घडवतो, असे पौल फिलिप्पैकरांना लिहितो, म्हणून तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसण्याचे बळ येते.

ज्यांनी बायबल एकदाही पूर्ण वाचलेले नाही, त्यांनी यातले दोनच रकाने धरावेत आणि उरलेले दोन पुढच्या वर्षी घ्यावेत. ज्यांना खोल अभ्यास हवा, त्यांना दुसरे साधन लागेल. हा तक्ता अर्थ सांगत नाही, फक्त पान उघडून देतो. लहान मुले असलेल्या घरांना मी कुटुंबाच्या दोनांपैकी नव्या करारातला किंवा स्तोत्रांचा एकच भाग सुचवेन. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना, आजारी माणसांची सेवा करणाऱ्यांना, ज्यांची वेळ स्वतःच्या हातात नसते अशा सगळ्यांना, हा मनापासून. 31 डिसेंबरला इतिहासाचे दुसरे पुस्तक, प्रकटीकरण, मलाखी आणि योहान यांचे शेवटचे अध्याय एकत्र येतात, पण तिथे पोहोचण्यासाठी 1 जानेवारीची वाट पाहायची गरज नाही. कोणत्याही महिन्यात, ज्या तारखेला कागद हाती येईल त्याच ओळीपासून सुरू करावे.