डीसीसी इंजिनाच्या नावाखाली गंडवलं: जुनं रेल्वे मॉडेल घेणाऱ्यांनी वाचावं

रत्नागिरीत घरच्या माळ्यावर मी एचओ स्केलचा लेआउट, म्हणजे रूळ-पूल-बोगद्यांसकट छोट्या रेल्वेचा देखावा, उभारतोय. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. विषय आपलाच, कोकण रेल्वे. पानवलचा पूल खरा ६४ मीटर उंच, म्हणजे मापात जवळपास ७४ सेंटिमीटर. तेवढा केला तर वरून जाणारी गाडी कौलांना घासेल, म्हणून निम्म्यावर आणला. बोगदे थर्माकोलचे, जांभा रंगवून काढलेला. अडलं होतं ते इंजिनापाशी.

अशात फोनवर जाहिरात आली. आवाजासकट डीसीसी इंजिन (रुळातून येणारा डिजिटल हुकूम आतल्या डिकोडर नावाच्या चिपने वाचून चालणारं), निकेल सिल्व्हरचे फ्लेक्स ट्रॅक (हवे तसे वाकवता येणारे रूळ) आणि पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारे सांधे), सगळा लॉट २३,५०० ला. विकणारा राहायला पुण्यात, मूळचा म्हणे राजापूरचा. पहिल्याच फोनला, "काका, यंदा गंगा आली का हो?" आता राजापूरच्या गंगेची चौकशी करणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा तरी कसा! बदली झालीय, घर रिकामं करायचंय, आणखी दोघं मागे लागलेत, पण आपण गाववाले म्हणून आधी तुम्हाला विचारतोय. टोकन ५,००० घेतलं. मग व्हिडिओ कॉलवर इंजिन चालवून दाखवलं, भोंगाही वाजवला. उरलेले पैसे कुरिअर करण्याआधी मागितले आणि ते मी यूपीआयने पाठवले.

पार्सल आलं, बांधणी झकास. इंजिन माझ्या डीसीसी रुळावर ठेवलं तर जागचं हलेना. नुसतं घूंऽऽ करत राहिलं आणि बघता बघता कोमट लागायला लागलं. लगेच उचललं. स्क्रू काढून वरचं कवच उघडलं. आत आठ पिनांचं सॉकेट आणि त्यात डिकोडरच्या जागी नुसता डमी प्लग. डिकोडर नाही, स्पीकरही नाही. म्हणजे इंजिन साध्या डीसीवर, रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त करून चालणारं, फार तर 'डीसीसी रेडी'. रेडी म्हणजे फक्त जागा केलेली असते, डिकोडर आपण विकत घेऊन बसवायचा.

मग कॉलवर चाललं कसं? भाच्याने तो कॉल रेकॉर्ड केला होता, तो नीट पाहिला. वेग कमी होतो तसा पुढचा दिवा मंद होतो. डीसीसीत रुळावर व्होल्टेज कायम असतं, त्यामुळे वेगाबरोबर दिवा असा विझत जात नाही. आणि इंजिन टेबलाच्या पार पलीकडे गेलं तरी भोंग्याचा आवाज तेवढाच मोठा. फोनच्या शेजारी ठेवलेल्या कुठल्यातरी स्पीकरमधून वाजत होता तो!

रुळांचं तर बोलायलाच नको. दिसायला चकचकीत, पण फ्रिजवरचं लोहचुंबक टेकवलं तर टक्कन चिकटलं. निकेल सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, त्याला चुंबक धरत नाही. हे वरून मुलामा दिलेलं पोलाद. आमच्या खाऱ्या वाऱ्यात त्याला गंज चढणारच, आणि गंजलेल्या रुळावर वीज नीट पोचत नाही, इंजिन अडखळतं.

फोन केला तर म्हणतो, "काका, कुरिअरमध्ये डिकोडर जळला असेल." नसलेला डिकोडर जळला! नंतर नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार केली, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक दिला. पैसे गेलेलं खातं तिसऱ्याच नावाचं निघालं. अजून एक रुपया परत आलेला नाही.

असला माल घेणार असाल तर कॉलवर इंजिन उभं करून एफ-झिरोने, म्हणजे कंट्रोलरवरच्या दिव्याच्या बटणाने, दिवा चालू-बंद करायला सांगा. साध्या डीसी इंजिनाला ते जमत नाही. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरमधली माहिती वाचायच्या वेगळ्या रुळावर) ठेवून डिकोडरचा पत्ता, म्हणजे त्याचा नंबर, वाचून दाखवायला सांगा. चुंबक आधी कात्रीला लावायला लावा, मग रुळाला. नाहीतर चुंबकाच्या नावाखाली काहीतरी भलतंच हातात धरेल. खरा हौशी माणूस हे सगळं आनंदाने करतो, उलट त्याला आवरावं लागतं.

तेच फोटो आता दुसऱ्या नावाने फिरतायत, भाव २१,००० वर आलाय. हिरव्या सतरंजीवर मांडलेला माल आणि इंजिनाचा डावा बफर (टोकाला धक्का झेलणारा दट्ट्या) तुटलेला दिसला, तर टोकनसुद्धा देऊ नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे मागितलेला यूपीआय आयडी मात्र जपून ठेवा, माझ्या तक्रारीला जोडायला उपयोगी पडेल.