झाडी दाखवली, मुरूम विकला

परवा रविवारी माझ्या तुकड्याकडे चाललो होतो. वाटेत फॉरेस्टच्या झाडीपाशी पुणे पासिंगची एक पांढरी गाडी उभी होती. नवरा-बायको झाडाखाली फोटो काढत होते आणि त्यांच्यासोबतचा माणूस हात लांब करून हद्द दाखवत होता. तो माणूस मी लांबूनच ओळखला. चार वर्षांपूर्वी त्यानं मलाही त्याच हिवराखाली उभं करून तीच हद्द दाखवली होती. मी जवळ पोचेपर्यंत तो फोन कानाला लावून रस्त्याकडे निघून गेला. मी त्या दोघांना एवढंच म्हणालो, "तुम्हाला सांगितलेला गट नंबर आत्ता इथं उभं राहून मोबाइलवर नकाशात बघा." त्यांनी बघितला. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर ठरवलं, आता हे सगळं लिहून काढायचं.

मी सोलापुरात पोस्टात नोकरी केली, जून 2021 मध्ये निवृत्त झालो. मूळ गाव बार्शी तालुक्यातलं. लहानपणी आजोबांबरोबर शेरडं घेऊन माळावर जायचो. बोरी, हिवर, कुसळी गवत आणि त्यात दडलेले तितर, हे माझं पहिलं जग. निवृत्तीच्या पैशातून मला ऊस लावायचा नव्हता की बंगला बांधायचा नव्हता. झाडं असलेला एखादा तुकडा घ्यायचा, आहेत ती राखायची, मोकळ्या जागेत आपल्याच मातीतली लावायची, एवढंच मनात होतं. सोलापूरचा माळ ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, अशी खाजगी जमीन इथं किती दुर्मीळ. पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. माती असेल तिथं ऊस, ज्वारी, डाळिंब. नसेल तिथं मुरूम. झाडी उरते ती ओढ्याकाठी, देवाच्या जागेभोवती नाहीतर फॉरेस्टमध्ये. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरीही समोर झाडी दिसल्यावर मी ते विसरलो.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या साडूमार्फत हा एजंट भेटला. बोलायला नम्र, 'काका' म्हणूनच हाक मारायचा. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावाच्या शिवारात घेऊन गेला. गावाचं नाव देत नाही, तिथल्या लोकांचा यात काही दोष नाही. कच्च्या रस्त्यानं गाडी थेट झाडीपर्यंत गेली. हिवर, कडुनिंब, खैर, मधे गिरिपुष्पाच्या रांगा आणि उतारावर आडवे खोदलेले जुने चर. नोव्हेंबरचे दिवस, गवत कंबरेइतकं. माझी बायको तिथंच एका दगडावर बसली आणि म्हणाली, "हेच घेऊ या."

आता त्या जागेवर काय काय दिसत होतं ते नीट वाचा, कारण सगळ्या खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया. आपल्या माळावर हे झाड आपोआप रांगेत उगवत नाही, ते लावलेलं असतं, आणि बहुतेक वेळा सरकारी रोपवनात. उतारावरचे ते चर म्हणजे सलग समतल चर, पाणी जिरवायला खोदलेले. एवढ्या लांबीचे चर कुठलाही कोरडवाहू शेतकरी पदरच्या पैशानं खोदत नाही. कडेला चुना लावलेला दगडांचा एक ढीग होता. तो वनखात्याच्या हद्दीचा बुरूज. मी प्रत्येक गोष्ट विचारली आणि प्रत्येकीला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. गिरिपुष्प? "आधीचे मालक हौशी होते काका." चर? "पाणलोटाच्या योजनेत झाले, सगळ्याच रानात झालेत." बुरूज? "जुन्या मोजणीचा दगड आहे."

माळढोकचंही विचारलं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची घोषणा 1979 सालची, आणि जमिनीच्या व्यवहारात त्याची धास्ती आमच्याकडे पिढीभर आहे. तो म्हणाला, "आता क्षेत्र कमी झालंय, हा गट त्यात येत नाही." हे खरंही होतं. 8 हजार 496 चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य पुढे 1 हजार 222 वर आलं, आणि माझा गट खरोखरच त्याबाहेर आहे. अवघड प्रश्नाला त्यानं खरं उत्तर दिलं, म्हणून साध्या प्रश्नांची खोटी उत्तरंही मी खरी मानली.

कागदपत्रांत मी हयगय केली नाही. माझं नाव वडिलोपार्जित सातबाऱ्यावर असल्यानं शेतकरी असल्याच्या पुराव्याची अडचण नव्हती. सातबारा, आठ अ, जुने फेरफार, भोगवटादार वर्ग 1 (म्हणजे मालकाला विकायची मोकळीक), इतर हक्कात बोजा नाही, तीस वर्षांचा शोध, सगळं वकिलाकडून तपासून घेतलं. वकील म्हणाले, टायटल स्वच्छ आहे. ते होतंच. क्षेत्र 1 हेक्टर 10 आर, म्हणजे पावणेतीन एकराच्या आसपास. त्यातलं निम्म्याहून जास्त पोटखराबा वर्ग अ, म्हणजे खडकाळ, लागवडीला अयोग्य. ते बघून मी थबकलो. एजंट लगेच म्हणाला, "झाडी आहे ना काका, पीक घेता येत नाही म्हणून पोटखराबा लावलाय." मला ते पटलं. गाव नमुना बारावर, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या नोंदीत, झाडांची एकही नोंद नव्हती, जमीन पडीक लिहिलेली होती. तेही मी वाचलं होतं.

खरेदीखत जानेवारी 2022 च्या अखेरीस झालं. मालक म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते निबंधक कार्यालयाच्या बाकावर. त्याआधी दोनदा म्हटलं होतं, मालकांना जागेवर बोलवा. एकदा त्यांचे गुडघे दुखत होते, एकदा ते पंढरपूरला गेले होते. 11 लाख चेकनं दिले. वर 4 लाख रोख, "मालकाला हातात पाहिजेत" म्हणून एजंटच्या हातात दिले, पावतीशिवाय. ही चूक माझी. दस्तात न दाखवलेले पैसे देणं बेकायदा आहे आणि ते परत मागायला तोंडही उरत नाही. दस्तात चतुःसीमा लिहिली होती: पूर्वेस फॉरेस्ट. मी विचारलं, फॉरेस्ट कुठं आहे? त्यानं ओढ्यापलीकडे बोट केलं.

मग त्यानंच पुढचं सगळं काम अंगावर घेतलं. कुंपण, खड्डे, बोअर, रोपं, दोन लाख ऐंशी हजारांत. चंदनाची पाचशे रोपं लावा, दहा वर्षांत कोटी होतील, असाही आग्रह धरला. चंदन अर्धपरजीवी आहे, त्याला शेजारी तुरीसारखं यजमान झाड लागतं आणि गाभा धरायला बरीच वर्षं जातात, एवढं मला वाचून माहीत होतं. चंदन नको म्हटलं, पण एक लाख साठ हजार आगाऊ दिले.

मे महिन्यात जेसीबी आला. एजंट त्या दिवशी फिरकलाच नाही, चुन्याच्या रेघा मात्र त्याचा माणूस आदल्या दिवशी मारून गेला होता. दुपारपर्यंत कुंपणाच्या रेघेवरची एकोणीस झाडं आडवी झाली होती, त्यात दोन जुने हिवर. मी उभा होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत मी राखायला घेतलेली झाडं पडत होती. मी आरडाओरडा करून मशीन थांबवलं. तेवढ्यात मोटारसायकलवर वनरक्षक आला. पोरगेलासा मुलगा, पण आवाज चढवला नाही. "काका, कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?" मी अभिमानानं खरेदीखताची झेरॉक्स काढली. त्यानं गट नंबर वाचला, मान हलवली आणि पश्चिमेला, चढाच्या पलीकडच्या उघड्या माळाकडे हात केला. "हा गट तिकडं आहे. तुम्ही फॉरेस्टमध्ये उभे आहात."

वनगुन्हा नोंदला गेला, जेसीबी जप्त झाला. राखीव वनात झाडं तोडणं, जमीन मोडणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि मला फसवलं म्हणून तो गुन्हा नाहीसा होत नाही. जेसीबी चालवणारा मुलगा अक्कलकोट तालुक्यातला, मशीन कर्जावर घेतलेलं. ते सुटेपर्यंत त्याचे हप्ते मी भरले. मला तेच योग्य वाटलं.

त्यानंतर मोजणी केली, जी आधी करायला हवी होती. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज दिला, तातडीची फी भरली. लगतच्या धारकांना नोटिसा गेल्या, भूकरमापक आले, खुणा रोवल्या, 'क' प्रत म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा हातात आला. माझी जमीन झाडीच्या पश्चिम हद्दीला लागून सुरू होते आणि झाडीकडे पाठ करून वर चढते. वर कातळ, खाली मुरूम, मधे तरवडाची चार झुडपं. रस्ताही नाही. ज्या वाटेनं एजंटनं गाडी नेली ती फॉरेस्टची वाट. आता बांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदारांकडे कलम 143 खाली अर्ज केलाय. तोवर शेजारचा शेतकरी माणुसकीनं त्याच्या रानातून जाऊ देतो. ज्वारी उभी असली की तेवढे महिने मीच जात नाही.

मालक आजोबांकडे मी रागानं गेलो होतो. गावात त्यांच्या ओट्यावर बसलो आणि म्हटलं, तुम्ही मला झाडी म्हणून काय विकलंत? ते माझ्याकडे बघतच राहिले. "आवो सायेब, माज्या रानात झाड कुटनं येणार? शेरडाला बसाया सावली न्हाई तितं." एजंटनं त्यांना सांगितलं होतं, सुरत-चेन्नई हायवे येतोय, सोलापूरच्या साहेबांना माळच पाहिजे, रान बघायलाही यायचे नाहीत. माझ्या 11 लाखांतला एक लाख त्यानं त्यांच्याकडून कमिशन म्हणून घेतला होता. वरच्या चार लाखांबद्दल त्यांनी कधी ऐकलंही नव्हतं. त्यांच्या सुनेनं चहा आणला. आम्ही दोघं बराच वेळ नुसतेच बसलो.

पोलिसांत तक्रार द्यायला गेलो तेव्हा पहिलं उत्तर मिळालं, हा दिवाणी मामला आहे. त्यांच्या बाजूनं बघितलं तर कागद तेच सांगत होता. गट बरोबर, क्षेत्र बरोबर, मालक खरा, चतुःसीमासुद्धा खरी. दस्तातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटं होतं ते फक्त एजंटचं बोट, आणि बोट दस्तात नोंदलं जात नाही. म्हणूनच माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: वकील कागद तपासतो, जमीन तपासत नाही. कागदावरचा गट आणि पायाखालची जमीन एकच आहे का, हे सांगणारं एकच काम आहे, सरकारी मोजणी, आणि ती खरेदीच्या आधी व्हायला हवी. मोजणीचा अर्ज जमीनधारकालाच करावा लागतो, त्यामुळे इसारपावतीतच लिहून घ्या की हद्द कायम मोजणी मालक करून देईल आणि उरलेली रक्कम खुणा रोवल्यावर मिळेल. फी हवी तर तुम्ही भरा. आता नियमित आणि द्रुतगती असे मोजणीचे दोनच प्रकार आहेत, द्रुतगतीचे जास्तीचे पैसे गेले तरी जाऊ द्यात. मालक किंवा एजंट याला टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा.

त्याच्याही आधी, घरबसल्या होण्यासारखं एक काम आहे. महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या वेबसाइटवर गट नंबर टाकून गटाचा आकार आणि शेजारचे गट बघा, आणि चारी बाजूंच्या गटांचे सातबारे काढा. डिजिटल सही असलेला सातबारा 15 रुपयांना मिळतो. मी माझ्या गटाचा सातबारा दहा वेळा वाचला, पूर्वेच्या गटाचा एकदाही काढला नाही. त्यावर मालकाच्या जागी वन विभाग लिहिलेलं आहे. नकाशातली रेघ जमिनीवर नेमकी कुठं पडते ते मोबाइल सांगत नाही, पण फॉरेस्ट आपल्याला चिकटून आहे एवढं तर 15 रुपयांत कळलं असतं. मग वनपाल किंवा वनरक्षकाला गाठायचं आणि बुरूज कुठं आहेत ते विचारायचं. त्या पोरानं मला नंतर अर्ध्या तासात सगळे बुरूज फिरून दाखवले.

आणि मालकाला जागेवर आणल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. जमीन मालकाच्या तोंडून, शेजारच्या शेतकऱ्यासमोर बघा. गुडघे दुखत असतील तर गाडी करून न्या.

माझी केस उभी राहिली ती एका गोष्टीमुळे. जागा दाखवायच्या आदल्या दिवशी एजंटनं मला व्हॉट्सॲपवर लोकेशन आणि चार फोटो पाठवले होते, खाली लिहिलं होतं, 'काका ही आपली जागा'. ते लोकेशन वनहद्दीच्या बरंच आत पडतं. वकिलांनी ते 'क' प्रतीला जोडलं. पोलिसांनी गुन्हा घेतला नाही म्हणून कोर्टामार्फत आदेश मिळवला, फसवणुकीचं कलम लागलं, आणि नुकसानभरपाईचा दावा वेगळा चालू आहे. एजंटकडून जागेचं लोकेशन मागून घ्या आणि फोन बदलला तरी ते मेसेज जपून ठेवा.

तुकडा मी विकलेला नाही. मुरमात खड्डे घेऊन, तळ्याचा गाळ भरून गेल्या दोन पावसाळ्यांत बोर, सीताफळ आणि हिवराची मिळून दोनशे दहा रोपं लावली. एकशे चाळीसच्या आसपास जगलीत. पाणी मी आणि बायको कॅननं नेतो.

मालक आजोबा साक्ष द्यायला तयार आहेत. आता ते ऐंशीला टेकलेत. गेल्या तारखेला एजंटचा वकील आला नाही, पुढची तारीख जूनमध्ये आहे. आजोबांना कोर्टात न्यायला मी गाडी सांगून ठेवली आहे.