हौस म्हणून शिकायचंय: क्लास लावावा की ऑनलाइन कोर्स घ्यावा?

नोकरीसाठी नाही, बढतीसाठी नाही, नुसती हौस म्हणून काही शिकायचं ठरवलं की बहुतेक जण आधी फी, अंतर आणि वेळ यांचा हिशेब मांडतात. मी आधी एकच विचारेन: तुमचा विषय हाता-गळ्याचा आहे की वाचण्या-ऐकण्याचा?

हाता-गळ्याचा असेल, म्हणजे मातीकाम, चित्रकला, गाणं, नृत्य, तर क्लासच लावा. फिरत्या चाकावर मातीचा गोळा मधोमध कसा बसवायचा ते व्हिडिओत छान दिसतं. आपला गोळा मात्र का थरथरतोय, हे व्हिडिओला कळत नाही. बरेचदा कोपर मांडीला टेकवलेलं नसतं, म्हणून हात मातीबरोबर हलत राहतो. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांना ते एका नजरेत दिसतं. गाण्यात तर दुसऱ्याचा कान लागतोच. स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्हीकडून ऐकू येतो, त्यामुळे समोरच्याला ऐकू येणारा आवाज आपल्याला कधी जसाच्या तसा कळत नाही. चुकीचा सूर सहा महिने घोटला तर तो सोडवायला त्याहून जास्त वेळ जातो, आणि त्यात शिकण्याची मजाच निघून जाते.

खगोलशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांना मी बेधडक ऑनलाइन म्हणेन. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपलं अभ्यास-साहित्य सर्वांसाठी खुलं करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन कोर्सची संकेतस्थळं २०१२ मध्ये आली. एरवी ज्यांच्या वर्गात बसायला मिळालं नसतं अशा प्राध्यापकांना आज घरबसल्या ऐकता येतं. न कळलेलं वाक्य पाच वेळा मागे नेऊन ऐकलं तरी संकोच वाटत नाही.

अशा मोफत कोर्सना नाव घालणाऱ्यांपैकी फार थोडे शेवटपर्यंत पोहोचतात, हे खरं. हौशी माणसाने त्याचं ओझं घेऊ नये. कृष्णविवरांवरची तीन व्याख्यानं हवी होती, ती ऐकली, बास!

मला खरी अडचण वेगळी वाटते. ऐकताना सगळं समजल्यासारखं होतं आणि आठवड्याने सांगायला गेलं तर काही आठवत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवडाभरानंतर मात्र, न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. म्हणून व्याख्यान संपलं की स्क्रीन बंद करा आणि आठवेल ते वहीत उतरवा. क्लासमध्ये हे आपोआप घडतं, कारण कुणीतरी प्रश्न विचारतं आणि आपल्याला बोलावं लागतं.

भाषा हा विषय या दोन्ही प्रकारांच्या मधे येतो. व्याकरण आणि शब्दसंग्रह एकट्याने जमतो, बोलण्याला माणूस लागतोच. तिथे आठवड्यातून एक-दोनदा भरणारा लाइव्ह ऑनलाइन क्लास पुरेसा होतो. संगीताला मात्र तो अपुरा पडतो. आवाज पोहोचायला लागणाऱ्या किंचित उशिरामुळे दोघांना एका लयीत गाता-वाजवता येत नाही.

क्लास लावायचं ठरलं तर फी भरण्याआधी एक तास नुसतं बसून या. चुकणाऱ्याशी शिक्षक कसं बोलतात ते बघा. परीक्षा सक्तीची आहे का, तेही विचारा. डेन्मार्कमध्ये तिथले विचारवंत ग्रुंडविग यांच्या विचारांतून १८४४ पासून प्रौढांसाठी लोकशाळा सुरू झाल्या. त्यांत परीक्षा नसते, गुण नसतात, तरीही त्या आजवर चालू आहेत. मोठ्या वयात पुन्हा गुणपत्रिकेची धास्ती कशाला?

आणि घरात आजारी माणूस असेल किंवा पाळ्यांची नोकरी असेल, तर ठरलेल्या वेळेचा क्लास सारखा बुडतो आणि अपराधी वाटत राहतं. तेव्हा विषय हाताचा असला तरी व्हिडिओवरूनच सुरुवात करा, आणि महिन्यातून एकदा जाणकाराला दाखवायला आपलं काम घेऊन जा.